चिंचेनं घासलेली शिवराई

लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चार नाणी होती आणि डोक्यात अक्कल त्याहून कमी. त्यातली तीन कुठल्या संस्थानांची होती हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी त्यांना 'माझा संग्रह' म्हणत असे. चौथी मात्र खरी ठेव. सासरी निघताना आजीनं ओटीत घातलेली शिवराई. तांब्याची, काळपट, एका कडेला झिजून पातळ झालेली. "माझ्या सासूच्या सासूपासून आलीय," आजी म्हणाली होती. पुढच्याच वर्षी आजी गेली.

ते लढाईचे दिवस. बाजारात चिल्लर मिळेना, भोकाचे पैसे नुकते आले होते, आणि मी मात्र कुठेच न चालणारी नाणी शोधत हिंडत होते. हिंडत होते म्हणजे भाजीची पिशवी घेऊन सासूबाईंच्या मागून चालत होते. आठवड्याच्या बाजारात एक माणूस पोतं अंथरून बसे. पुढ्यात जुनी कुलपं, अडकित्ते, पितळी समया आणि एका परातीत नाणी. त्याच्यावर माझा विश्वास कसा बसला ते सांगते. मी परातीतली एक शिवराई उचलून मोठ्यानं वाचली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तो सासूबाईंना म्हणाला,

"आवं मावशी, सूनबाई लय शिकल्याल्या दिसत्यात. असली नजर पेठंतल्या सराफाला बी न्हाई."

झालं. माणूस सचोटीचा आहे अशी माझी खात्री पटली. मॅट्रिक झालेल्या मुलीला तेवढं पुरतं.

ती शिवराई मी घेतली. हिरवीगार होती, जुन्या विहिरीतून काढल्यासारखी, आणि सगळी अक्षरं जिथल्या तिथं. आजीच्या शिवराईवरचा 'जा' अर्धा कडेबाहेर गेलेला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला आजीच्या नाण्याची थोडी लाजच वाटली. पुढच्या बाजाराला ते मी त्याला दाखवायला नेलं. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग तोंड वाकडं केलं.

"म्हातारी झिजलीया. अक्षरं बी धड न्हाईत. ऱ्हाऊ द्या माज्यापाशी. हिच्या बदल्यात ह्या दोन हिरव्या घ्या."

झिजलेल्या एकीला हिरव्या दोन! मला त्या बिचाऱ्याची कीव आली. नाणं त्याच्या परातीत गेलं नाही ते सासूबाईंमुळे. "दिवाळी होऊ दे," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीपूजनाला जुनं नाणं लागतं. मग काय तो तुझा व्यापार कर."

आमच्याकडे पूजेच्या पाटावर ठेवायचं प्रत्येक नाणं चिंच आणि राख लावून घासत. लक्ष्मीपुढे काळं नाणं ठेवायचं नाही. मी नवी सून, हौस दांडगी. शेजारणींना ऐकू जाईल इतक्या जोरानं घासलं. आजीची शिवराई हळूहळू, नाखुशीनं उजळली. हिरवीचा रंग मात्र पहिल्याच हाताला चिंचेच्या कोळात उतरला आणि खालून कालच भट्टीतून आल्यासारखं कोरं तांबं निघालं.

सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. "अगं, हे नाणं आहे की जत्रेतलं लुगडं? रंग सोडतंय!"

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी जाब विचारायला गेलो. माझ्या तळहातावर दोन्ही नाणी होती. हिरवीकडे त्यानं पाहिलंच नाही. आजीची पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"आरारा! घासली व्हय? आता कोन घेतंय हिला?" मग सावरून म्हणाला, "आन् ही बी नवीच हाय की. बगा, कशी चकाकतीया!"

हिरवीचं मला दुःख नव्हतं. पण आता आजीचीही खोटी? सासूच्या सासूपासून आलेली म्हणून जी गोष्ट तिनं माझ्या ओटीत घातली, ती अशाच कुठल्या तरी पोत्यावरची असेल, तर आजीनं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचं काय करायचं? आणि विचारायला आजी नव्हती.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी माहेरी सांगलीला गेले आणि आईला घेऊन सराफकट्ट्यावर एका म्हाताऱ्या सराफांकडे गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. माझ्या नजरेचं कौतुकही केलं नाही. नाणी भिंगाखाली धरली.

"चिंच?"

"लक्ष्मीपूजनाला," मी म्हटलं.

"पिढ्यांचा रंग एका सकाळीत घालवलास. हौशी गिऱ्हाईक आता हिला हात लावणार नाही."

"मग काय लक्ष्मीपुढे काळं नाणं ठेवायचं?" आई तडकली.

"आमच्या घरीही हेच चालतं," सराफ म्हणाले. "म्हणून मी दुकानातलं नाणं घरी नेत नाही."

मी आजीच्या शिवराईकडे बोट दाखवलं. "पण खरी आहे का?"

त्यांनी आजीची शिवराई बोटानं माझ्याकडे सरकवली. "ही खरी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असायचा. हातोडा पडला की अक्षरं कडेबाहेर जायची. सगळी अक्षरं नीट बसवून देणारा कारागीर आजचा."

म्हणजे ज्या अर्ध्या 'जा'ची मला लाज वाटत होती, त्यानंच आजीची बाजू राखली होती. मला इतका आनंद झाला की मी ताबडतोब किंमत विचारली.

"विकायचीय?"

"छे!"

"मग किंमत कशाला हवी? आणि विकायची झालीच, तर घेणाऱ्याला किंमत विचारायची नाही. मलासुद्धा नाही."

"किती तुसडा माणूस!" बाहेर पडल्यावर मी आईला म्हटलं. पुढे कित्येक वर्षं मी त्याच तुसड्या माणसाकडून नाणी घेतली. ज्या नाण्याबद्दल त्यांची स्वतःची खात्री नसे ते ताटातून उचलून आत ठेवत, आणि मी कितीही हट्ट केला तरी देत नसत. माझ्या नजरेबद्दल मात्र शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही.

पुढच्या दिवाळीला सासूबाई म्हणाल्या, "आण तुझी शिवराई, घासून ठेवू." मी बाजारातली आणून दिली. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि चिंचेची वाटी पुढे केली. तेव्हापासून पाटावर दरवर्षी तीच लख्ख होऊन बसते. लक्ष्मीनं तक्रार केलेली नाही. आजीची डबीत, मऊ फडक्यात आहे. सावकाश पुन्हा काळी पडतेय.