दार किती वेळ उघडं?

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नाही. पेशीच्या आवरणात प्रथिनांची इवलीशी दारं असतात. ती उघडली की विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो, मिटली की थांबतो. पण पडद्यावर प्रवाह कमी आणि खरखरच जास्त. त्या खरखरीतून दार कधी उघडलं, कधी मिटलं, हे संख्याशास्त्राने शोधायचं काम बाईचं. माझं काम नोंदी घ्यायचं, आणि शेजारी बसून तिची बोलणी खायचं.

तिच्या धाकट्या बहिणीच्या स्नायूंमधली हीच दारं फार लवकर मिटतात. जिना चढायचा म्हटला की ती आधी कठडा शोधते. आमचं नवं औषध दारं जास्त वेळ उघडी ठेवतंय असं दिसलं, तेव्हा आमच्या प्रमुखांनी, म्हणजे घाईसाहेबांनी, सगळीकडे डंका पिटला. रुग्णांवरच्या चाचणीत धाकटीने नाव दिलं. ती चाचणी ज्या अहवालावर सुरू होणार होती, तो त्या दिवशी संध्याकाळी जायचा होता.

दुपारी बाई एकदम माझ्याकडे वळली. "औषधाच्या नोंदी घेतल्या तेव्हा लिफ्टचं काम चालू होतं ना?"

"हो ना, नुसता वैताग! खरखर इतकी, की साहेबांनी फिल्टर जास्त घट्ट करायला लावला."

"आणि औषधाशिवायच्या?"

"त्या आधीच्या. नेहमीच्या फिल्टरच्या."

तिने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. फिल्टर घट्ट केला की खरखर जाते, पण दार क्षणभर मिटून परत उघडलेलं असतं, तेही पुसलं जातं. मग उघडझाप करणारं दार सलग उघडं दिसतं. आमच्या धंद्यातलं हे अगदी पहिलं शिक्षण. पण आकडे मनासारखे आले की शिक्षण कोणाला आठवतं!

तिने औषधाशिवायच्या नोंदी त्याच घट्ट फिल्टरमधून काढायला घेतल्या. टेबलावर फोन थरथरला. धाकटीचा होता. बाईने उचलला नाही.

घाईसाहेब दारात आले. "अहो, झालं का? आता कशाला कीस पाडताय?"

"थांबा."

"पण वेळ…"

"थांबा म्हटलं ना!"

साहेबांना असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते खरंच थांबले.

आकडे आले. औषधाशिवायची दारंही तितकाच वेळ उघडी. मग पुसल्या गेलेल्या मिटण्यांचा अंदाज धरणारं गणित तिने दोन्हीकडे लावलं. फरक पार नाहीसा झाला. औषध काहीच करत नव्हतं.

साहेब मटकन खुर्चीत बसले. इतका वेळ त्यांचा राग आलेला मला, आता कीव आली. "तुमच्या बहिणीचं नाव आहे ना यादीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "अहवाल पाठवू नका."

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. खोलीत इतकी शांतता होती की धाकटीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, तू बघितलं नसतंस, तर मला औषध मिळालं असतं?"

"हो."

"आणि गुण आला नसता?"

"नाही गं."

"पण येईल असं वाटलं तरी असतं ना," धाकटी म्हणाली.