गरीब दिसायची साडी

“हे काय नेसून आलीस? अशानं तुला गरीब कोण म्हणेल?”

वकिलीणबाई हॉलच्या दारातच बोलल्या. चार बायांसमोर. खळ घातलेली माझी निळी साडी, सुलतान बाजारातून स्वतःच्या कमाईनं घेतलेली. “घरी जा. माझ्याकडे जी नेसून भांडी घासायला येतेस ना, ती नेसून ये. फोटो काढायचेत.”

गेले मी. खरं सांगते, गेले.

कारण त्यांचं महिला मंडळ त्या दिवशी मला घरघंटी देणार होतं. तुम्ही म्हणाल, एका दळायच्या यंत्रासाठी एवढं? अहो, संध्याकाळी गौलीगुड्यात बस स्टँडजवळ मी भाकऱ्या थापते. ज्वारी आमच्या बीदरकडच्या गावची. इथला गिरणीवाला दळून देतो दोन दिवसांनी, तेही गव्हावर. शिळ्या पिठाची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, भाकरी चिरते. मग गिऱ्हाईक हसतं, “क्या अम्मा, आज रोटी का नक्शा बनाये क्या?” घंटी आली की विधवा सुनेला गावाहून बोलावणार होते. ती दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. दोघींचं भागलं असतं.

तर दंड घालून जोडलेली जुनी साडी नेसून उभी राहिले स्टेजवर. वकिलीणबाई माईकवर म्हणाल्या, “या बायकांना कष्टाची सवय नसते हो. हातात आलं की उडवतात. वळण आपणच लावायचं.”

कष्टाची सवय! सकाळी त्यांचीच भांडी घासून आले होते मी. हाताला राखेचा वास होता अजून.

माईक माझ्यापुढे आला. “बोल. आभार मान.”

मी म्हणाले, “माझी चांगली साडी घरी आहे. या बाईंनी बदलायला लावली. आणि कष्टाचं विचारायचं तर यांच्या मोरीला विचारा.”

कुणी टाळी वाजवली नाही. घंटी दुसरीला गेली. तिलाही जुनंच नेसवलं होतं, तिच्यावर कशाला रागावू? वकिलीणबाईंचं काम मात्र त्याच दिवशी सोडलं.

सुनेला तरीही बोलावलं. येताना तिनं घरचं जातं बसच्या टपावर टाकून आणलं. पहाटे दोघी दळतो. खांदे भरून येतात, संध्याकाळी तवा उचलवत नाही. सोपं झालं असं कुणी सांगितलं तर खोटं समजा.

पण चुलीपुढे मी निळी साडी नेसूनच बसते. ज्याला गरीब बघायचीय त्यानं दुसरीकडे जावं. भाकरी पाहिजे त्यानं रांगेत उभं राहावं. वकिलीणबाई असल्या तरी.