पालकांची सही

बाबा गेल्यानंतर त्यांच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी आले होते. दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटाजवळ बसून ते सांगत होते, "अरे, वो तो कैंटीन की पर्ची भी बिना पढ़े साइन नहीं करते थे." लोक हसले. मी कप गोळा करून आत गेले.

बारावीत मी एकाच विद्यापीठाचे दोन अर्ज भरले होते, इंजिनीअरिंगचा आणि लिबरल आर्ट्सचा. बाबाच म्हणाले होते, "मला इंजिनीअरिंग आवडेल, पण शिकायचं तुला आहे. दोन्हीकडे भर." इंजिनीअरिंगचा निबंध आम्ही दोघांनी बसून लिहिला. दुसरा मी एकटीने. जागा थोड्या होत्या. साध्या, सुखी घराची गोष्ट कोण वाचणार, असं मला वाटलं. म्हणून लिहिलं, की आमच्या घरात पाठ्यपुस्तकांशिवाय पुस्तक नाही, वडील कादंबऱ्या हातातून काढून घेतात, इंजिनीअरिंगची जबरदस्ती करतात.

कपाटातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक बाबांनी दर्यागंजच्या रविवारच्या बाजारातून पिशव्या भरभरून आणलेलं होतं.

त्या दुसऱ्या अर्जाच्या शेवटी पालकांची सही लागायची: वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे. मी शेवटचं पान वर ठेवून कागद पुढे केले. "ठेव, सकाळी करतो," बाबा म्हणाले. सकाळी म्हणाले, "चष्मा ऑफिसात राहिला. कुठे करायची?" मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली.

मी सुटले. कागद स्कॅन करून परत आले, तर ते चष्मा लावून पेपर वाचत होते.

ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आलं होतं. तरी मी अर्ज पाठवून दिला.

त्या निबंधावर मला लिबरल आर्ट्सला प्रवेश मिळाला. तिथेही मी घराची तीच गोष्ट सांगितली होती, म्हणून एकाही मैत्रिणीला कधी घरी आणलं नाही. कपाट दिसलं असतं. का आणत नाहीस, असं बाबांनी एकदाही विचारलं नाही.

कप विसळून मी बाहेर आले. ते सहकारी कपाटाकडे बघत होते. "ये सब उन्हीं की हैं, बेटा?"

मी हो म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.