आठ अंश डावीकडे

तंत्रशाळेतले वेल्डिंगचे मास्तर फार कमी बोलत. नवा मुलगा आला की त्याला शेजारी उभं करत, लोखंडाच्या दोन पट्ट्या स्वतः जोडत आणि म्हणत, "दिसलं? आता कर." तीस वर्षं हेच. वाळक्या पाचोळ्यावरून गुरं जावीत तसा बारीक आवाज करत लोखंड लोखंडात शिरायचं, आणि मास्तर त्या आवाजावर काम करायचे. पुस्तक कपाटात होतं. किल्ली कुठे आहे ते कपाटालाच ठाऊक.

मास्तर मोतीबिंदू काढायला तीन आठवडे रजेवर गेले आणि तेवढ्यात शाळेत वेल्डिंग शिकवायचं यंत्र आलं. डोक्यावर टोप घालायचा, हातात वेल्डिंगची कांडी पकडणारा होल्डर धरायचा. लोखंड नाही, धूर नाही, जाळ नाही. सगळं टोपाच्या आतच दिसतं आणि काम संपलं की भिंतीवरच्या पडद्यावर शंभरपैकी गुण उमटतात.

मास्तर परतले तसं प्राचार्यांनी त्यांना मानाने पुढे केलं. मास्तरांनी टोप घातला आणि सवयीने होल्डर टेबलावर दोनदा आपटला.

"मास्तर, हळू. नाजूक आहे ते."

"मग वेल्डिंगला कशाला आणलंत?"

भिंतीवर आकडा आला : एकोणतीस. खाली ओळ : हात आठ अंश डावीकडे कललेला.

"यंत्र बिघडलंय," मास्तर म्हणाले.

मग मुलं एकेक करून उभी राहिली. चौतीस. अठ्ठावीस. तेहतीस. बारा मुलं, आकडे निरनिराळे, पण खालची ओळ प्रत्येकाची तीच. शेवटी दोन लेकरांची आई असलेली एक बाई उठली. शिलाई सोडून ती वेल्डिंग शिकायला आली होती, तीही मास्तर रजेवर असताना, थेट यंत्रावरच. तिला एक्याण्णव.

कोडं तिथेच उलगडलं. मास्तरांच्या उजव्या हाताचं बोट तरुणपणी हातोड्याखाली सापडून वाकलेलं. त्यामुळे होल्डर धरला की हात कलायचा. आणि "दिसलं? आता कर" म्हटल्यावर सरळ बोटांच्या पोरांनीही इमानाने हात कलवला होता. गावातली निम्मी फाटकं अशाच कललेल्या हातांनी जोडलेली. एकही निखळलं नव्हतं, पण यंत्र गावात हिंडायला थोडंच जाणार होतं?

प्राचार्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. "वरून हुकूम आहे. साठ गुण नसतील त्याने वर्ग घ्यायचा नाही. सोमवारपर्यंत बघा, नाहीतर गोदाम सांभाळा. तिथे पंखा चांगला आहे."

मास्तरांना गोदाम म्हणजे जिवंतपणी हार घातलेल्या फोटोत जाऊन बसण्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत ते त्या बाईसमोर उभे राहिले.

"बाई, हात कसा धरता तुम्ही?"

"सांगते."

"सांगू नका. दाखवा."

"मास्तर, नुसतं दाखवून तर हा घोळ झाला," ती म्हणाली. "ऐका. बोट राहू दे वाकडं. कोपर अंगाशी घ्या. बगलेत वर्तमानपत्र धरलंय असं समजा."

"कुठलं?"

"कुठलंही. वाचायचं नाहीये."

मास्तरांनी खरंच धरलं. अडतीस आले, मग सत्तेचाळीस. कोपर सुटलं की वर्तमानपत्र खाली पडायचं आणि बाई डब्यातून मान वर न करता म्हणायची, "पडलं." घरीही सराव चालू राहिला.

"बगलेत पेपर धरून चहा पिताय?" बायकोने विचारलं.

"अभ्यास आहे."

"तुम्हाला? कुणी दिला?"

"माझ्या विद्यार्थिनीने." हे सांगताना मास्तर कपात बघत होते.

सोमवारी मास्तर टोप घालून उभे राहिले. हात बांधावरून जाणाऱ्या जाणत्या बैलासारखा सावकाश पुढे सरकला. भिंतीवर बासष्ट उमटले. पोरांनी बाकं बडवली. प्राचार्यांनी त्यांच्यासमोरच कागदावर सही केली : वर्ग मास्तरांकडेच.

"एवढं काय अवघड आहे त्यात," म्हणत प्राचार्यांनी स्वतः टोप घातला. त्यांना अकरा गुण मिळाले. सगळा वर्ग एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागला.

"ठीक आहे, मी निघतो," प्राचार्य टोप काढू लागले. "मला कामं आहेत."

मास्तरांनी मागून त्यांचं कोपर धरलं आणि अंगाशी दाबलं.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "तास अजून संपला नाही."