ट्रंकेतल्या अकरा सुऱ्या

सुऱ्या जमवणाऱ्या माणसाच्या घरात सुऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. सुऱ्यांना निदान कुलपाची ट्रंक आहे; किस्से घरभर पडलेले!

बाकीच्यांचे नवरे रविवारी केबलवर मॅच बघतात. आमचे हे पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. आठवडाभर रंगाच्या वाफेत उकडून निघतात आणि रविवारी मऊ फडक्याने सुऱ्या पुसत बसतात. तेवढाच वेळ त्यांच्या कपाळावर आठी नसते.

*

सुऱ्या घडवतात पर्वत पाटियाचे गुलाबमामा लोहार. ऑर्डर द्यायची, मूठ हाताच्या मापाची. भाव ठरलेला. ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं, बाभळीची मूठ : साठ रुपये. बेअरिंगचं पोलाद, शिसवी मूठ, पितळी खिळे : दीडशे. शिंगाची मूठ म्हटली की तीनशेच्या पुढे.

हा झाला मामांचा भाव. हे मला सांगतात तो त्याच्या निम्मा! आणि यांचे दोस्त, साडीवाले जगदीशभाई, पाहुण्यांना सांगतात तो दुप्पट.

एकदा दोघांनी सारखीच सुरी आणली. हे म्हणाले, “पंचाहत्तर.” जगदीशभाई म्हणाले, “तीनशे.”

मी चहा ओतत म्हटलं, “म्हणजे दीडशेला पडली तर!”

दोघांनी बशीत तोंड घातलं.

*

जगदीशभाईंनी एकदा बाहेरून चकाचक सुरी आणली. पात्यात तोंड दिसेल असं पॉलिश! मामांनी ती नखावर टेकवली, कानाशी धरून टिचकी मारली आणि परत दिली.

“शेठ, आरसा झकास आहे. सुरी कधी आणणार?”

*

धार तपासायची यांची पद्धत म्हणजे डाव्या हातावरचे केस उडवून बघणं. नवी सुरी, नवा चट्टा. एका लग्नात माझ्या मावशीने मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, “जावईबापूंना काही त्वचेचं...?”

तेव्हापासून लग्नात फुल शर्ट!

*

माझं म्हणाल तर मी बी.ए. आहे, पण चिमी झाल्यापासून मला फक्त काळजीचा विषय येतो. अकरा सुऱ्यांच्या ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली माझ्या मंगळसूत्रात आहे, तरी दिवसातून दहादा कुलूप ओढून बघते. चिमी आठ महिन्यांची असताना मी जाहीर करून टाकलं, “पोरगी चालायला लागेल त्या दिवशी सुऱ्या घराबाहेर! जगदीशभाईंना विकून टाका.”

“कबूल!” हे म्हणाले. तेव्हा ती धड रांगतही नव्हती.

*

एकदा घाईत मी यांच्या सगळ्यात महाग सुरीने टोमॅटो चिरले आणि ती तशीच ओली ठेवली. पातं काळंनिळं! हे मयताला आल्यासारखे तिच्याशेजारी बसून राहिले. मलाच रडू फुटलं.

मामा आले, पातं उन्हात फिरवलं. “काळं पडलं म्हणजे पोलाद खरं. न पडतं तर मी तोंड लपवलं असतं.”

जगदीशभाईंनी जागच्या जागी पन्नास रुपये जास्त देऊ केले. हे देईनात. दुसऱ्या दिवशी जगदीशभाई आपल्या तीन सुऱ्या आणि किलोभर टोमॅटो घेऊन दारात!

“भाभी, आ त्रणेथी टामेटा कापी आपो ने!”

*

चिमी वर्षाची झाली. एका सोमवारी स्वयंपाकघरात पाट सोडून ती पिठाच्या डब्यापर्यंत चार पावलं चालली. मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. पटकन तिला कडेवर घेतलं आणि गप्प बसले. कसली ही आई! पण मला रविवारचं ते फडकं दिसलं, त्याला मी काय करू?

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात यांनाही लेकीचा पुळका आला. मिलमधून आले की बूट काढायच्या आधी चिमी कडेवर! गच्चीवर, दुकानात, मामांच्या भट्टीवर, कुठेही न्या, पोरगी खाली नाही. शेजारच्या मंजुबेन म्हणाल्या, “बाप होय तो आवो!” बाप असावा तर असा, म्हणून मीही मान डोलावली.

दिवसा माझ्या कडेवर, संध्याकाळी यांच्या. पंधरा दिवसांनी अमळनेरहून सासूबाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “पोर आजून चालस नही! डॉक्टरले दखाडा!”

आम्ही दोघंही नको नको म्हणत होतो. सासूबाई ऐकतात होय!

डॉक्टरांनी चिमीला जमिनीवर उभं केलं. ती तुरुतुरु वजनकाट्यापर्यंत गेली, वळली, परत आली आणि टेबलाखालून पलीकडे निघून गेली.

सासूबाईंचा आ वासलेला. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, “ही चालते कधीपासून?”

आम्ही दोघं एकदम म्हणालो, “आत्ताच!”