निकोचं लाल तेल

तापारो नदीवर निकोमेदेस हिनेस्त्रोसाला ओळखत नाही असं माणूस सापडलं नसतं, आणि त्याच्या होडीच्या मोटरीआधी तिचा धूर यायचा. वळणापलीकडे निळसर ढग उठला की धुणं धुणाऱ्या बायका ओरडायच्या, "आला गं बाई निको! वाळत घातलेलं काढा आधी!" तो हसायचा. त्याला ते कौतुक वाटायचं.

ऐन उमेदीची वर्षं त्याने जंगलात मशीनची करवत चालवण्यात घालवली होती. पुढे पाठीने दगा दिला तशी त्याने करवत विकली, पंधरा घोड्यांच्या ताकदीची एक जुनी मोटर घेतली, होडीच्या मागच्या फळीला लावली आणि माणसं, केळीचे घड, डुकरं, मिळेल ते वाहू लागला. करवत गेली, पण करवतीचं लाल तेल काही सुटलं नाही. करवतीलाही पेट्रोलात तेल मिसळावं लागतं आणि या मोटरीलाही, मग फरक कसला? मोटरीचं निळं तेल मिळायचं ते थेट नदीच्या तोंडावरच्या गावात, सीलबंद डब्यातून. लाल तेल मात्र वरच्या अंगाला प्रत्येक दुकानात पिंपातून सुटं मिळे, कारण तिथे घरटी एक करवत होती. "मोटर म्हणजे खेचर," निको सांगायचा. "जे खायला घालशील त्याची सवय लागते तिला." सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्याने माप घ्यायचा आणि वर आणखी एक धार सोडायचा. हात सैल! तेल जास्त झालं तर मोटरीचं भलंच होणार, असं त्याचं शास्त्र.

जन्मभर करवत चालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? एकाने धरलं, दुसऱ्याने धरलं, बघता बघता सगळ्या नदीने लाल तेल धरलं.

टोकलं फक्त दोघांनी. एक बेरार्दो, तोंडावरच्या गावात मोटरी दुरुस्त करायचा. त्याने एकदा निकोच्या मोटरीचं डोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, चुलीतला कोळसा भरलायस काय हिच्यात?"

"मग खरवड की. तुझं कामच आहे ते."

"खरवडतो. पण नीट ऐक. करवत वाऱ्यावर थंड होते, तिचं डोकं सणसणून तापलेलं असतं, तिथे लाल तेल जळून जातं. हिला नदीचं पाणी गार ठेवतं. इथे ते नीट जळत नाही, चिकटतं आणि दगड होऊन बसतं. हळू चालवतोस म्हणून निभावलंय. एक दिवस वेगाची मूठ पूर्ण पिळशील ना, त्या दिवशी मला शिव्या द्यायला येऊ नकोस."

"मी कशाला पिळतोय? मला कुठे आग विझवायला जायचंय?"

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. घरी पोचल्यावर निकोने दुकानात जाऊन पुन्हा लाल तेलच घेतलं.

दुसरी त्याची बायको फिदेलिना. तिला मोटरीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवरा कळत होता. "बेरार्दो रोज मोटरी उघडतो, तू रोज तोंड उघडतोस," ती म्हणायची. "कुणाचं ऐकावं हे काय देवाला विचारायला हवं?" निको म्हणायचा, "बायकांनी भातात नारळ किती घालायचा ते बघावं." आणि ती म्हणायची, "तोही मीच ठरवते, म्हणून तर खातोस."

एके दिवशी फिदेलिना केळीच्या बागेत गेली होती. खाली पडलेला पाला उचलायला वाकली आणि त्याच्याखाली वेटोळं घालून बसलेल्या एकिस नावाच्या जहाल विषारी सापाने तिची पोटरी धरली. बाई खंबीर. स्वतःच्या पायाने घरी आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "निको, एकिस होता. मोठा होता रे."

नदीवरची विष उतरवणारी त्रान्सितो आजी धावत आली, तिने जडीबुटी घातलेली दारू पाजली, जखमेवर पाला बांधला, देवाचं नाव घेतलं. मग फिदेलिनाचा ओठ खाली ओढून बघितला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"माझं इथे संपलं," आजी म्हणाली. "विषावरची लस खाली तोंडावरच्या गावात, दवाखान्यात आहे. बसलायस काय मेल्या? ऊठ!"

शेजारचा सेकुंदिनो होडीत उडी मारून पुढे बसला. तो आणि निको एकमेकांच्या पोरांचे धर्मबाप, म्हणून कोंपा म्हणायचे एकमेकांना. त्याने वल्ह्याला पांढरं फडकं बांधलं आणि ते उभं धरलं. तापारोवर ही रीतच. फडकं दिसलं की समजायचं, होडीत जिवावर बेतलेलं माणूस आहे, आणि काठावरच्या घराने असेल तेवढं पेट्रोल घेऊन पाण्यात उतरायचं. विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, आणि कालच भांडण झालेलं असलं तरी नाही म्हणायचं नाही.

निकोने जन्मात पहिल्यांदा मूठ पूर्ण पिळली. होडीचं नाक उचललं गेलं. तळाला केळीच्या पानांवर पडलेल्या फिदेलिनाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"असंही पळता येतं होय तुला?"

"बोलू नकोस. दम लागेल."

"मी बोलले नाही की तूच घाबरशील," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

अर्धी वाटही झाली नव्हती. मोटर खोकली, अडखळली, बंद पडली. निकोने प्लग काढला तर त्याच्या टोकात काजळीची खपली अडकलेली. सुरीने उडवली, दोरी ओढली, मोटर सुरू झाली. त्याने पुन्हा मूठ पिळली. पिळणार नाही तर काय करणार? बायको रक्त थुंकत होती. थोडं पुढे गेल्यावर आतून कुणी हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला. मग एक करकर, आणि सगळं गप्प. निकोने दोरी ओढली तर दोरी हलेना. दोन्ही पाय फळीला लावून ओढली. आत पिस्टन काजळीत जाम होऊन बसला होता.

तेवढ्यात काठावरची माणसं आली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बाटल्या, कॅन पुढे करत होती. घराघरातलं पेट्रोल, प्रत्येक बाटलीत तेच लाल तेल मिसळलेलं.

"पेट्रोल नको रे!" निको किंचाळला. "मोटर द्या! मोटर द्या कुणीतरी!"

मोटरी नव्हत्या. नदी फुगली होती, आणि असल्या पाण्यात सगळ्यांच्या मोटरी ओंडके ओढायला वर गेलेल्या असतात. सेकुंदिनोचीही त्याच्या भावाने नेली होती. काठावरचे दोघं होडीत चढले आणि चौघांनी वल्ही मारायला सुरुवात केली. पुढच्या वस्तीवर ताजे गडी चढले, त्याच्या पुढच्या वस्तीवर आणखी. सगळे आळीपाळीने विसावा घेत बदलले, निको बदलला नाही. तळहातांची सालं निघाली तरी त्याने वल्हं सोडलं नाही. खाली गेल्यावर समुद्राची भरती नदीत शिरली आणि होडी जागच्या जागी उभी राहिल्यासारखी झाली. माणसं रडत वल्ही मारत होती.

फिदेलिनाला शेवटी शेवटी तो ओळखू येत नव्हता. ती आईला हाक मारत होती. दवाखान्याचा धक्का समोर दिसू लागला तेव्हा सेकुंदिनोने वल्ह्याला बांधलेलं पांढरं फडकं सोडलं आणि तिच्या तोंडावर टाकलं.

तिला घरी आणलं, मधोमध ठेवलं, मरणाची गाणी म्हणायला बायका जमल्या. येईल तो निकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "साप फार मोठा होता. तिची वेळ भरली होती."

"साप नव्हे," निको म्हणाला. "लाल तेल. बेरार्दो सांगत होता, ही सांगत होती. मी मारलं हिला."

गाणं थांबलं. "गप रे," त्रान्सितो आजी म्हणाली, "मेलेल्या माणसासमोर असलं बोलू नये." आणि बायकांनी पुढची ओळ धरली.

माती झाल्यावर तो वल्हं मारत घरोघर गेला. लाल तेल ओतून टाका, मोटरीत घालू नका, मी खोटं शिकवलं तुम्हाला. लोकांनी त्याला बसवून घेतलं, माशाचं कालवण पाजलं, माना हलवल्या. बिचारा, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची खोड गेली, पण मेली ती दुसरीच. आणि बाकीच्या नदीची खोड जशीच्या तशी.

एका सकाळी सेकुंदिनो धक्क्यावर टाकी भरताना दिसला. होडीत त्याची बायको देल्मिरा बसली होती, दिवस भरत आलेली, पाय सुजलेले. दवाखान्यात दाखवायला निघाले होते. निकोने त्याच्या हातातला तेलाचा डबा धरला.

"कोंपा, हे घालू नकोस."

"सोड, कोंपा."

"तू होतास माझ्या होडीत. तू बघितलंस."

"बघितलं." सेकुंदिनोने डोळे खाली केले. "पण निळं तेल खाली मिळतं. खाली जाऊ कशावर? तूच सांग."

निकोने डबा सोडला. सेकुंदिनोने माप घेतलं आणि टाकीत तेल ओतलं. देल्मिरा दुसरीकडे बघत होती.

निको घरात गेला आणि दोन वल्ही घेऊन बाहेर आला. न विचारता होडीत उतरला आणि पुढच्या फळीवर बसला.

"तू कुठे?" सेकुंदिनोने विचारलं.

"मी येतो. तू मूठ हळू धर."

देल्मिराने पाय आवरून त्याच्या वल्ह्यांना जागा करून दिली. सेकुंदिनोने दोरी ओढली, मोटर सुरू झाली, मागे धुराचा ढग उठला. तोंडावरच्या गावापर्यंत निकोने एकदाही मागे पाहिलं नाही. दोन्ही वल्ही मांडीवर घट्ट धरून तो नुसता मोटरीचा आवाज ऐकत होता.