लाभ धरून तेरा

मी समुद्रात जातो म्हटलं की सावर्ड्याकडचे माझे नातेवाईक अजून एकच प्रश्न विचारतात, "पण तू पोहायला कधी शिकलास?" शिकलो नाही. मुंबईत सव्वीस वर्षं एका गोदामात मालाची मोजदाद केली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते सोडून बायकोच्या माहेरी रत्नागिरीला आलो आणि तिच्या थोरल्या भावाच्या होडीत बसलो. आज मी त्रेपन्न वर्षांचा आहे. पोहता अजून येत नाही, पण अंगातलं जाकीट किनाऱ्याला लागेपर्यंत काढत नाही. पोहणाऱ्यांपैकी किती जण ते घालतात हे मी मोजलेलं आहे, म्हणून मला कोणी शिकवायला येऊ नये.

आम्ही कुर्ल्या धरतो. खाडीतल्या नव्हेत, बाहेरच्या, सहा-सात वाव खोल पाण्यातल्या. तळाला बसणारी बुटकी जाळी आदल्या दिवशी टाकायची, प्रत्येकीला खूण म्हणून एक रिकामा प्लास्टिकचा डबा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी ती ओढायची. अवस जवळ आली की कुर्ली मांसाने भरते. पुनवेला तीच कुर्ली हातात हलकी लागते. ही ऐकीव गोष्ट नाही, दोन्ही वेळच्या सारख्या आकाराच्या कुर्ल्या मी तराजूत घालून बघितल्या आहेत.

गोष्ट पहिल्या हंगामातली आहे. अवस दोन दिवसांवर होती. आदल्या दिवशी भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, जाळी सोडत होता आणि मी मागे इंजिनापाशी होतो. सोडताना तो मोठ्याने मोजतो, पण इंजिनाच्या आवाजात मला फक्त शेवटचा आकडा ऐकू आला, "बारा!"

दुसऱ्या दिवशी तो ओढत होता, मी कुर्ल्या सोडवत होतो आणि मोजत होतो. लाभ, दोन, तीन. बारावं जाळं आत आल्यावर मी म्हटलं, "झाली." त्याने होडी वळवली. खाडीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा त्याने पुढ्यात रचलेल्या डब्यांकडे बघितलं.

"भावोजी, डबे किती?"

"बारा."

"लाभ धरून?"

"धरूनच. लाभ म्हणजेच एक ना!"

"लाभ म्हणजे एक?" त्याने इंजिन बंदच केलं. "लाभ म्हणजे लाभ! तो दर्याचा. एक त्याच्यानंतर!"

"आमच्याकडे भात मापताना पहिली पायली लाभ, दुसरी दोन."

"भात! हे काय तुमचं खळं हाय?"

म्हणजे त्याची बारा ती माझी तेरा होती. चूक ना त्याची ना माझी. वरच्या गावात लाभ हाच पहिला आकडा, खाली किनाऱ्यावर तो आकडाच नव्हे. पण तेरावं जाळं खडकाच्या अंगाला तळाशी पडलेलं होतं, ते काही कोणाच्या रिवाजाने वर येणार नव्हतं.

"जाऊ दे," भाऊ म्हणाला. "पाणी उतरायला लागलंय. एक जाळं दर्याला दिलं."

"मी मोजलंय. मी आणणार."

"कसं? पोहत?"

"होडी वळवा, भाऊ."

सोडून दिलेलं जाळं गप्प बसत नाही. त्यात अडकलेल्या कुर्ल्या मरतात, त्या खायला दुसऱ्या येतात, त्याही अडकतात, आणि हे खाणारं कोणी नसताना महिनोन्महिने चालतं. एवढं मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. तेच त्याला ऐकवलं. तो पुटपुटत वळला.

डबा सापडायला पाऊण तास गेला. दीपगृह आणि भाट्याच्या सुरूच्या बनाचं टोक एका रेषेत आणून आम्ही दोनदा चुकलो, तिसऱ्या खेपेला लाटेआड तो दिसला. त्या जाळ्यात एकतीस कुर्ल्या होत्या, सगळ्यांत जास्त. सात पोटाखाली अंडी घेऊन होत्या, त्या मी परत सोडल्या. सातव्या मादीकडे लक्ष होतं तेवढ्यात बाजूच्या नराने माझा उजवा अंगठा धरला. त्याचा डेंगा, म्हणजे पुढची जाड नांगी, नखातून आरपार गेला. भाऊने तो सांध्यातून मोडला, तरी मोडलेला डेंगा अंगठ्यावर तसाच मिटलेला राहिला. रक्त थांबेना. टॉवेलात हात गुंडाळून बसलो.

खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आत येताना आम्हाला हवी होती भरती, आणि समोर होती ओहोटी. खाडीचं पाणी बाहेर धावत होतं, समुद्राची लाट आत येत होती आणि दोन्ही वाळूच्या दांड्यावर एकमेकांवर आदळत होती. होडीचा तळ वाळूला लागला. पंखा अडकला, इंजिन गप्प. मागून आलेली लाट सरळ होडीत शिरली, कुर्ल्यांच्या तीन टोपल्यांपैकी दोन घेऊन गेली, आणि मी पाण्यात होतो. पाणी छातीपर्यंत. डाव्या हाताने होडीची कड धरून उभा राहिलो. पायाखालची वाळू सरकत होती.

"सोडू नका, भावोजी! कड सोडू नका!" भाऊ ओरडत होता.

सोडली नाही. दुसऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला आत ओढलं.

घरी अंगठ्याला पाच टाके घालून आलो. बायकोने हातावरची पट्टी बघितली. मग म्हणाली, "माझा भाऊ आणि माझा नवरा एकाच होडीत. बुडाली तर मी कोणासाठी आधी रडायचं, तेवढं मोजून सांगा." भाऊ ओट्यावर बसला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मी दुसरा माणूस बघतो."

किनाऱ्यावरही बोलणं झालंच. भातवाल्याने भातच लावावं, असं कोणीतरी मला ऐकू येईल अशा बेताने म्हणालं.

मी तीन दिवस विचार केला. आम्ही परत फिरलो ही चूक होती का? नाही. ती चूक होती हे मी आजही मान्य करत नाही. चूक होती ती ओहोटीत तोंडातून आत शिरण्याची. बाहेर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघितली असती तर अंगठा दुखला असता, दुसरं काही झालं नसतं. धोका किती, कुठे आणि किती वाजता हे ज्याला सांगता येतं, त्याने घरी का बसायचं? हे मी बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी होडीपाशी गेलो. भाऊ एकटाच जाळी चढवत होता. त्याच्या दुसऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. मी आत चढून माझ्या जागी बसलो.

"उतरा."

"नाही."

"हात बघा तुमचा."

"डावा चांगला आहे."

"भावोजी, मस्करी नाय करत. बायला काय सांगू मी?" बहिणीला तो बाय म्हणतो.

मी बायकोने निघताना हातात दिलेला डबा त्याच्यापुढे ठेवला. आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. त्याने झाकण काढलं. भाकऱ्या होत्या, वर सुकटीची चटणी. त्याने बोटाने त्या उलटून बघितल्या.

"सहा?" तो म्हणाला. "आपण तर दोन-दोन खातो."

"भरतीसाठी बाहेर थांबावं लागलं तर," मी म्हटलं.

भाऊने भाकऱ्या परत नीट रचल्या. मग झाकण घट्ट लावून त्याने तो पाणी लागणार नाही असा फळीखाली सरकवला आणि इंजिनाची दोरी ओढली.